पालथा तांब्या

भूतखेत, करणी, भानामती... यातलं काहीच मी मानत नाही. आम्ही बौद्ध माणसं. सासऱ्यांनी घरातले देव काढले तेव्हाच अंगारे-धुपारेही गेले. शेजारीण दाराला लिंबू-मिरची बांधते, तर मी तिला तोंडावर हसते. आता हे वाचून विहारातल्या बाया मला हसतील. हसू देत. मी चौथी शिकलेली. नात मोबाईलवर टाइप करतेय. मधे स्वतःचा शहाणपणा घालायचा नाही, असा दम दिलाय तिला.

आमचं घर छावणीच्या बाजूला. दोन खोल्या, वर पत्रा. घरात मी, सून, नात मित्रा आणि तिचा मोठा भाऊ प्रशिक. माझा मुलगा अशोक शेंद्र्याला कंपनीत होता. कामावरून येताना टेम्पोनं उडवलं त्याला, जागीच गेला. टेम्पोवाला प्यालेला होता. बघणारी माणसं होती — कोर्टात मात्र कुणालाच काही आठवलं नाही. तो सुटला. पुढं प्रशिकही शेंद्र्यालाच कामाला लागला, आणि या उन्हाळ्यात त्याला तो टेम्पोवाला दिसला. क्रांती चौकाच्या अलीकडे उसाच्या रसाचा गाडा लावतो म्हणे.

तेव्हापासून पोरगं ठिकाणावर नव्हतं. ताटावरून उठायचं, दारापर्यंत जायचं, परत यायचं. बसलं की पाय हलवत राहायचं. खाट करकर वाजायची. "काय झालं रे?" विचारलं की "काय नाय." रात्री खाटेखाली काहीतरी सरकवताना मी त्याला बघितलं. सकाळी वाकून पाहिलं तर गाडीची चाकं खोलायचा लोखंडी पाना, गमछ्यात गुंडाळलेला. मी काढून लपवला. दुसऱ्या दिवशी परत तिथंच. सुनेला सांगितलं नाही. तिला दवाखान्याच्या साफसफाईच्या ड्युटीवरून आल्यावर उभं राहायची ताकद नसते.

त्याच दिवसांत मित्राची एम.ए. इंग्रजीची परीक्षा आली. तिला एक जुनं नाटक होतं, सुडाचं. मोठ्यानं बोलल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून ऐकायला मी. त्यातली नावं माझ्या जिभेला वळेनात. मग तिनं युक्ती काढली — भांडी मांडायची.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येईल त्या दिवशी घरातलं झाडून सगळं भरून ठेवायचं, अगदी कुकरसुद्धा. मग एकेक भांडं रिकामं होत जातं. त्या दुपारी सगळीच रिकामी होती. ड्रमचा तळ कोरडा. शेजारणीकडे कळशी घेऊन गेले तर तिनं स्वतःचीच रिकामी कळशी दाखवली. घशाला कोरड, वरून पत्रा तापलेला, आणि मित्रानं फरशीवर भांडी मांडली.

"हा कुकर म्हणजे राजा. कळशी राणी. दूधपातेलं म्हणजे सूड घेणारा मुलगा. जो मेला तो पालथा घालायचा."

मेलेल्या बापासाठी तिनं फळीवरचा पितळी तांब्या काढला. तो अशोकचा. अशोक गेल्यापासून तो कुणी वापरत नव्हतं.

"तो कशाला काढलास?"

"अगं आजी, भुताला भांडं नको का?"

तिनं तांब्या भिंतीशी पालथा ठेवला.

"पाच अंक असतात. हे स्ट्रक्चर. पहिल्या अंकात बापाचं भूत येतं, म्हणतं, मला मारलं, सूड घे."

"मेल्यावरही स्वस्थ नाही मेल्याला," मी म्हटलं.

"तिसऱ्या अंकात मुलगा चुकून भलत्याच माणसाला मारतो." तिनं एक वाटी पालथी केली.

"त्या वाटीनं काय केलं होतं?"

"काही नाही. तीच तर थीम आहे."

खाटेवरून प्रशिक बोलला, "भूत बरोबर बोलतंय पण."

मित्रानं त्याच्याकडे बघितलं नाही. राजा पालथा झाला, राणी पालथी झाली. शेवटी तिनं दूधपातेलं उचललं.

"हाही मरतो?"

"सगळेच मरतात, दादा."

"पण सूड घेतला ना त्यानं?"

"घेतला."

"मग झालं तर."

तो उठला. खाटेखालून गमछा ओढला. मी त्याचा शर्ट धरला.

"कुठं चालला?"

"शिफ्टला."

"पाना घेऊन?"

"आजी, सोड."

मित्रा भिंतीजवळून ओरडली, "दादा, मी जाऊन आलेय त्या गाड्यावर! त्याची म्हातारी आई गिलास धुते तिथं. तिला कोणती वाटी म्हणू, सांग!"

"आपल्या पप्पाला कुणी वाटी म्हणलं का?" म्हणून त्यानं माझी बोटं सोडवली आणि दाराकडे वळला. आणि थांबला.

उंबऱ्याजवळ तांब्या होता. सुलटा. काठोकाठ पाणी.

मी सरळ सांगते. मित्रा पलीकडच्या भिंतीशी होती. माझे दोन्ही हात प्रशिकच्या शर्टात होते. उन्हामुळे दाराला आतून कडी होती. घरात तोंड धुवायला पाणी नव्हतं.

इथं एक सांगायचं राहिलं. अशोक घरातून कुणाला रागानं बाहेर पडू द्यायचा नाही. बायको असो, मी असो, पोरं असोत — तोच तांब्या पुढं करायचा. "आधी पाणी पी. मग कुठं जायचं तिथं जा." मी कितीदा त्याच्यावर खेकसलेय त्यावरून.

"कुणी ठेवला?" प्रशिकनं विचारलं.

तो खाली बसला. पाना फरशीवर ठेवला. तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि घटाघटा प्यायला, गळ्यावरून शर्टात ओघळ येईपर्यंत. रडला-बिडला नाही. बाहीनं तोंड पुसलं, म्हणाला, "उशीर होतोय," आणि कामावर गेला. पाना तिथंच राहिला.

तळाशी घोटभर उरलं होतं, ते मी पिऊन बघितलं. पाणीच होतं. माठातल्यासारखं गार.

मित्रा म्हणते, ताणामुळे तिघांनाही भास झाला. मी म्हटलं, भासानं तहान भागते का? मी ड्रममध्ये डोकं घालून बघितलं, नळ सोडून बघितला, कडी तपासली. नळाला त्यानंतर दोन दिवसांनी पाणी आलं.

प्रशिकला वाटतं मीच पाणी लपवून ठेवलं होतं. परवा विचारलं, "आजी, खरं सांग, तूच भरलास ना?"

"नाय."

"बरं," म्हणाला आणि हसला. विश्वास नाही बसला त्याचा. क्रांती चौकातून तो रोज जातो-येतो. गाडा तिथंच आहे. राग गेलाय असं मी म्हणणार नाही. पाय अजून हलतात त्याचे.

मित्रानं पेपरात लिहिलं की भुताचं काम सूड मागणं. पुस्तकात तसंच आहे म्हणे.

पाना ड्रममागे पडलाय, गंज चढलाय. तांब्या मी घासून परत फळीवर पालथा ठेवला. मी अजूनही काही मानत नाही. फक्त घरातलं पाणी संपलं आणि प्रशिक दाराकडे निघाला, की मी आधी तो तांब्या उचलून बघते.

रिकामाच असतो.