नऊला विचारलं का?

"अगं, हे गेले..." वहिनीचा फोन आला तेव्हा मी वाकडच्या ऑफिसात होते. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी भीती वाटली. आबा हृदयविकाराने गेले, काकाही तसेच आणि आता माझा सख्खा भाऊ. तेव्हापासून जिना चढताना मी मध्येच थांबते आणि छातीवर हात ठेवते.

दादा आकुर्डीला घरच्याच हॉलमध्ये स्पर्धा परीक्षांचं गणित शिकवायचा. शिफ्ट करून आलेली पोरं बाकावर डुलक्या घेत बसायची. फळ्यावर तो एखादं विधान लिहायचा, 'कुठल्याही पूर्णांकाचा वर्ग त्या संख्येहून मोठाच असतो.' पोरं दोन, तीन, पाच घालून बघायची आणि बिनधास्त 'बरोबर' म्हणायची. "शून्याला विचारलं का रे? एकाला?" असं तो म्हणाला की हशा पिकायचा. मात्र 'खरं असू शकतं' आणि 'खरं असलंच पाहिजे' यांत कुणी गल्लत केली की त्याचं डोकंच फिरायचं.

आमची शेवटची भेट काकांच्या तेराव्यानंतरची. मी घाबरून विचारलं होतं, "दादा, आपल्या घरात सगळ्यांचं असंच होणार का रे?"

त्याने मार्कर उचलला. "तीन, पाच, सात. विषम आहेत आणि मूळ संख्याही आहेत. म्हणजे पुढची विषम संख्याही मूळच असणार?"

"नाही. नऊला तिनाने भाग जातो."

"मग? दोघांवरून सगळ्यांचं ठरवतेस, वेडाबाई?" त्याने फळ्यावर नऊ लिहून भोवती गोल काढला.

"तू स्वतःचं हृदय तपासून घेतलंस का?"

"ही बॅच संपू दे गं."

बॅच संपलीच नाही...

आता त्याचा तो नऊ मला धीर देत नाही. नऊच्या पुढे अकरा आहे आणि अकरा मूळ आहे. असंच झालं पाहिजे असं नाही, एवढंच दादाने दाखवलं. होणार नाही, असं तो कुठे म्हणाला होता? हृदयाच्या तपासणीची वेळ मी दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा घाबरून रद्द केली.

काल आकुर्डीला गेले. बाक भिंतीला लावून ठेवलेत. फळा तसाच आहे, गोलातला नऊ थोडा फिकट झालाय.

"पुसू का गं?" वहिनीने विचारलं.

"नको. वहिनी, उद्या सकाळची वेळ घेतलीय. मला एकटीला जायची फार भीती वाटते."

तिने हातातलं डस्टर बाकावर ठेवलं. मग म्हणाली, "यांना न्यायचं राहून गेलं. तुला मी नेणार."