वहीत न आलेला संदेश

नव्वदच्या दशकात मंचरच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत एक शिस्त होती. कुणाला देवाचा संदेश आला, की पाळकसाहेब तो वहीत लिहून घ्यायचे. पवित्र शास्त्राशी ताडून पाहेपर्यंत कुणी त्याप्रमाणे वागायचं नाही. एका भावाला डिंभ्याचं घर विकायचा संदेश आला होता. त्यावर आम्ही तीन रविवार खल केला आणि शेवटी तो खोडला.

मग एक पाहुणा प्रचारक आला. आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “देव म्हणतो, बाई, तू बरी झालीस.” ‘आमेन’ म्हणण्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता. वही कुणालाच आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई क्षयाच्या गोळ्या तळहातावर घेऊन बसली होती. “पाळकसाहेबांनी वहीत लिहून ताडून पाह्यलं का रं?”

“हो, पाहिलं,” मी म्हणालो.

तिनं गोळ्या पुन्हा डब्यात टाकल्या.

नाताळापर्यंत ती राहिली नाही. घरातले अजून त्या प्रचारकाला शिव्या घालतात. मी गप्प ऐकतो. तो खोटं बोलला, की त्याला खरंच तसं वाटलं, मला माहीत नाही. मी मात्र खोटंच बोललो होतो.