कपडेपटातल्या आत्याच्या तारखा

आमच्या नाटक कंपनीत मी तीस वर्षं राण्या केल्या, सवती केल्या, विधवा केल्या आणि दोनदा चेटकीण. या सगळ्या बायकांच्या अंगावर कपडा चढवणारी बाई मात्र एकच होती. तिला सगळे आत्या म्हणत. खरी भाची तिला एकच, आणि आत्या राहायचीही तिच्याच घरी. पण कंपनीत नवा आलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपोआप तिचा भाचा होऊन जायचा. मालकसुद्धा झाले होते, आणि ते तर तिच्याहून सहा वर्षांनी मोठे.

एकदा दुसऱ्या अंकाच्या तोंडावर माझ्या झग्याची पाठ कंबरेपर्यंत उसवली. आत्या ओठांत चार टाचण्या धरून माझ्यामागे उभी राहिली.

"राणीसाहेब, श्वास सोडा. पोट आत ओढू नका, मी खोट्या मापावर टाका घालत नाही."

"आत्या, माझी एन्ट्री आली."

"येऊ दे. राणी आहेस ना? दरबार थांबेल."

दरबार थांबला नाही. दोऱ्याला लोंबकळणारी सुई पाठीवर घेऊनच मी आत गेले. पावलागणिक ती टोचत होती, म्हणून अख्खा प्रवेश मान ताठ ठेवून केला. लोक म्हणाले, काय मानी राणी होती.

रंगमंचामागच्या बोळाच्या टोकाला तिचा कपडेपट. एक खिडकी, भिंतीला कपड्यांचे दोन लांब दांडे, इस्त्रीचं टेबल आणि खाली सिमेंटची लादी. मोठे झगे, पडदे, अंगरखे ती लादीवर पसरूनच बेतायची, म्हणून तिथे चपला चालायच्या नाहीत. मालक एकदा बूट घालून आत आले, तर तिने त्यांना उंबऱ्याबाहेर उभं करून सगळा हिशेब ऐकवला होता की पांढरं कापड धुवायला किती वेळ लागतो. स्वतः ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत अनवाणीच.

दाराजवळ एक फळा होता. त्यावर प्रयोगांच्या तारखा खडूने लिहिलेल्या असत. प्रयोग पुढे गेला की आत्या ओल्या बोळ्याने तारीख पुसायची, नवी लिहायची आणि त्या दिवसाचे कपडे दांड्यावरून मागे सरकवायची.

तिला शुगर होती, दहा-बारा वर्षं. गोळ्या बटणांच्या डब्यात. साडेबाराला जेवण म्हणजे साडेबाराला. तालमीत राजाचा मृत्यू चालू असला तरी डबा उघडायची. म्हणायची, "राजाला मरायला अजून अर्धा तास आहे, मला नाही."

तर एका दुपारच्या प्रयोगाआधी ती शेवटच्या अंकातल्या पांढऱ्या झग्याला इस्त्री करत होती. झग्याच्या घेराला तिला तांबडे डाग दिसले. ताजे. तिने आम्हा आठ जणांना बाकावर ओळीने बसवलं.

"कुणाचा पाय कापलाय? तळवे दाखवा."

आम्ही पाय वर केले. ती एकेक तळवा धरून बघू लागली. रंगभूषेवाला सगळ्यात शेवटी होता. तो म्हणाला, "आत्या, घोडे विकत घेतेस की काय?"

"घोडे परवडले. दाखव."

कुणाचाच पाय कापला नव्हता. पण तो रंगभूषेवाला, रंगाचा माणूस, त्याची नजर लादीकडे गेली. त्याने हळूच म्हटलं, "आत्या, तू चालतेस तिथे ठिपके पडतायत."

ती स्टुलावर बसली. उजवा पाय गुडघ्यावर घेतला. टाचेत एक टाचणी डोक्यापर्यंत रुतली होती. तिने ती चिमटीत धरून ओढून काढली, फडक्याला पुसली आणि सवयीने टाचण्यांच्या गादीत खोचून ठेवली. चेहऱ्यावर काही नाही.

"कधीची होती गं?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मला कळायला नको?"

गल्लीतल्या डॉक्टरांनी बोथट सुई लावून दोन्ही तळवे तपासले. तळव्यांतली जाण गेली होती. ते म्हणाले, शुगरमुळे होतं असं, आणि अशी जखम साधी समजायची नाही. मोठ्या इस्पितळात मधुमेहाच्या पायांचे खास डॉक्टर येतात, महिन्यातून दोन मंगळवार, त्यांनी बघायला हवं. तोवर रोज पट्टी बदला, पायावर भार नको, आणि अनवाणी तर अजिबात नाही. इस्पितळाने सहा आठवड्यांनंतरचा मंगळवार दिला. आत्याने फळ्यावर दोन प्रयोगांच्या मध्ये लिहिलं: पाय.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिने केलं, हे मला नोंदवायचं आहे. इस्त्रीसुद्धा स्टुलावर बसून. जन्मात पहिल्यांदा ती स्वतःच्या कपडेपटात मऊ चपला घालून वावरली, उंबऱ्यावर दर वेळी त्या ओल्या फडक्याने पुसून. तळवा दिसत नाही म्हणून रंगभूषेवाल्याने आपला हातातला आरसा तिला देऊन टाकला. रोज सकाळी ती आरशात जखम बघायची आणि आम्हाला माप सांगायची. आज शर्टाच्या बटणाएवढी आहे. आज तेवढीच.

पहिल्या मंगळवारी भाचीने कारखान्यातली पाळी बदलून घेतली आणि दोन बस बदलून तिला नेलं. दारावर कागद चिकटवलेला होता: डॉक्टर रजेवर आहेत. पुढची तारीख खिडकीवर मिळेल. पुढची तारीख महिन्याने. तिच्या आदल्या दिवशी फोन आला की डॉक्टरांना दुसऱ्या गावी पाठवलंय, आणखी तीन आठवडे. भाचीने फोनवर आवाज चढवला. तिकडून विचारलं, पेशंटला ताप आहे का? नाही. दुखतंय का? नाही. मग तारखेलाच या.

"आत्या, तू का नाही गं भांडत?" भाची रडकुंडीला आली होती.

"कुणाशी भांडू? त्या खिडकीतल्या पोरीशी? आपला प्रयोग रद्द झाला की तिकिटाच्या खिडकीतला माणूस शिव्या खातो. नाटक त्याने रद्द केलेलं असतं का?"

आत्याने बोळा ओला केला, फळ्यावरचा पाय पुसला, नव्या तारखेला पाय लिहिला. आम्हा नाटकवाल्यांची ही जुनी खोड. तारीख पुढे गेली की आम्ही पुढच्या तारखेच्या तयारीला लागतो. रद्द झालेल्या प्रयोगाने कुणाचं काही जात नाही, असं आम्ही आयुष्यभर एकमेकांना सांगत आलो होतो.

जखम आता कोटाच्या बटणाएवढी झाली होती.

तिसऱ्या वेळी भाचीची रजा संपलेली, म्हणून मी निघाले. जाण्याआधी कपडेपटात मी तिला बसवलं. "हे बघ, ते विचारतात दुखतंय का. तू म्हणायचंस, जीव जातोय. मग त्याच दिवशी तातडीच्या विभागात घेतात. कण्हून दाखव बघू."

आत्या कण्हली. रंगभूषेवाला म्हणाला, "ही तर जांभई झाली."

"पोटातून काढ," मी म्हटलं. "खांदा थोडा झुकव. भिंत धर."

तिने भिंत धरली, खांदा झुकवला आणि एकदम आम्हा दोघांकडे बघून हसत सुटली. खूप हसली. तेवढं हसताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही.

इस्पितळात पुन्हा तोच कागद. महिन्यातल्या दोन मंगळवारांचा एकच झाला होता. आम्ही खिडकीच्या रांगेत उभ्या राहिलो. आमच्यामागे भाजलेला हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक माणूस होता. तो दातांवर दात दाबून भिंतीला टेकला होता. आत्याने वळून त्याच्याकडे पाहिलं. मी पाहिलं तिने पाहिलेलं.

खिडकीतल्या मुलीने कागद पुढे ओढला. "आजी, दुखतंय का?"

मी आत्याच्या दंडाला चिमटा घेतला.

"नाही गं बाळ," आत्या म्हणाली. "मला तिथे काहीच कळत नाही."

यापेक्षा वाईट उत्तर त्या खिडकीवर कुणी दिलं नसेल. कुणा डॉक्टरने ते ऐकलं असतं तर तिला तिथेच थांबवून घेतलं असतं. पण मुलीच्या कागदावर दोनच चौकोन होते. तिने 'नाही'वर खूण केली आणि पुढच्या महिन्याची अठरा तारीख दिली.

बाहेर येऊन मी तिच्यावर उखडले. "चाळीस वर्षं विंगेत उभी राहिलीस आणि एक कण्हणं जमलं नाही तुला?"

"जमलं असतं. मागचा माणूस पाहिलास ना? त्याच्यापुढे उभं राहून खोटं कण्हू?"

"तुझी जखम खोटी आहे का?"

"जखम खरी आहे. दुखणं खोटं होतं."

आता त्या क्षणाचा विचार करते, तेव्हा मला तिचा राग येत नाही. मी का बोलले नाही? भरल्या नाट्यगृहांत बोललेली बाई मी. त्या मुलीला एवढंच सांगायचं होतं, की बाळ, हिला कळत नाही हाच हिचा आजार आहे, आतल्या कुणाला तरी विचारून ये. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या प्रवेशात तोंड घालत नाहीत. मला वाटलं, हे तिचं बोलणं आहे, मध्ये शिरू नये. मी विंगेत उभी राहावी तशी बाजूला उभी राहिले.

अकराव्या दिवशी इस्त्री करता करता तिला हुडहुडी भरली. या खेपेला तातडीच्या विभागात दहा मिनिटांत आत घेतलं. जखमेतलं विष हाडापर्यंत गेलं होतं. गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

चौथ्या दिवशी ते खास डॉक्टर वॉर्डात आले. मी मनात त्यांचा एक खलनायक करून ठेवला होता. आला तो डोळे सुजलेला, चुरगळलेल्या शर्टाचा तरुण. त्याने कागद वाचले, पट्टी पाहिली आणि म्हणाला, "आजी, महिनाभर आधी आला असतात तर."

"आले होते," आत्या म्हणाली.

बस, एवढंच. आवाजात तक्रार नव्हती. त्याने पुन्हा कागद चाळले. तारखा वाचल्या असाव्यात, कारण तो खाटेच्या कडेवर बसला. आत्याच त्याला म्हणाली, "तुमच्या शर्टाचं बटण सुटायला आलंय. बघा, पडेल."

तिला घरी आणलं. भाचीच्या घराला दोन जिने, त्यामुळे कपडेपट संपला. कंपनीने तिथे दुसरी बाई ठेवली. चांगली आहे, टाका बारीक घालते.

मी दर गुरुवारी दुपारी जायचे. भाची पाळीवर असायची. एका गुरुवारी आत्याने मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "कुणाला बोलू नकोस, लोक म्हणतील म्हातारी चळली. गेलेला पाय दुखतो गं. टाच. आग होते नुसती."

पुढे कळलं, असं होतं पुष्कळांना. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मी खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसले. उजवीकडे चादर सपाट होती. जिथे तिचं पाऊल असायला हवं होतं तिथे मी दोन्ही हात ठेवले आणि हळूहळू चोळू लागले.

तिने डोळे मिटले.

"आणखी खाली," ती म्हणाली. "हं. तिथे."