इंटरसीड करणारा कारकून

मला उत्तम इंग्रजी येतं, असा कलकत्त्यातल्या मराठी मंडळींचा समज होता आणि तो दूर करायचा प्रयत्न मी कधीच केला नाही. ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. गार्डन रीच भागातल्या एका मोठ्या सरकारी रेल्वे कचेरीत मी आस्थापना विभागात कारकून होतो. नेमणुका, रजा आणि बदल्या यांचे कागद रंगवायचे, हे माझं काम. राहायला बेहालाच्या एका मेसमध्ये. वय चोवीस, बुद्धी बेताची आणि रुबाब हेडक्लार्कचा.

इंग्रज साहेब गेले, पण त्यांच्या फायली मागे राहिल्या होत्या. दुपारी काम कमी असलं की मी त्या काढून झोकदार वाक्यं एका वहीत उतरवून घ्यायचो. त्या वहीतलं माझं सगळ्यात लाडकं क्रियापद म्हणजे ‘इंटरसीड’. एखाद्यासाठी मध्ये पडणं, रदबदली करणं, असा त्याचा साधा अर्थ. पण ‘आय बेग यू टु इंटरसीड विथ द सुपरिंटेंडेंट ऑन माय बिहाफ’ असं लिहिलं, की सुपरिंटेंडेंटकडे माझ्यासाठी शब्द टाका एवढीच विनंती सुटाबुटात उभी असल्यासारखी वाटायची. ‘विथ’च्या पुढे मोठा माणूस ठेवायचा आणि ‘ऑन बिहाफ ऑफ’च्या पुढे गरीब, हे मी येईल त्याला समजावून सांगत असे. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगत असे.

पुढे पुढे मला त्याचं व्यसनच लागलं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीसाठी लाउडस्पीकरची परवानगी मागायची होती, तिथे मी ते वापरलं. मेसच्या नळाला पाणी येईना, तेव्हा नगरपालिकेच्या इंजिनिअरला मी आमच्या वतीने नळाकडे इंटरसीड करायला लिहिलं. नळ कोरडाच राहिला, पण मेसमधला माझा दरारा वाढला. या गोष्टीवर आज मी एकटाच बसून हसतो. तेव्हा मात्र हसणाऱ्या बंगाली मेसवाल्याशी मी दोन दिवस अबोला धरला होता.

आमच्याच कचेरीत रेकॉर्ड विभागात साताऱ्याकडचे एक वयस्कर गृहस्थ होते. मी त्यांना काका म्हणत असे. कचेरीच्या क्वार्टर्समध्ये ते, काकू आणि त्यांची एकुलती एक मुलगी राहत. दर रविवारी माझं जेवण त्यांच्याकडे. मेसच्या मोहरीच्या तेलाला कंटाळलेल्या माझ्या जिभेला काकूंची आमटी म्हणजे माहेरपण होतं. जेवण झालं की मी मुलीला इंग्रजी शिकवायचो. ती बंगाली शाळेत शिकली होती, येत्या मार्चमध्ये स्कूल फायनलला, म्हणजे तिकडच्या मॅट्रिकला, बसणार होती. मराठी बोलताना अडखळायची, बंगाली माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगलं बोलायची, आणि हुशार होती. त्यांच्या घराण्यात तोवर कुणी बाई परीक्षेला बसलेली नव्हती. काकू तिला चूल पेटवायलासुद्धा उठवत नसत.

मी तिला अर्थातच इंटरसीड शिकवलं. वहीतली पंचवीसएक वाक्यं तिच्याकडून वाचून घेतली. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “दादा, यात सगळे दुसऱ्याला सांगतात की तुम्ही बोला. स्वतः कुणी बोलतच नाही का?”

“अगं, हे अर्ज आहेत. अर्जात असंच लिहायचं असतं,” मी म्हणालो. मास्तरांना उत्तर सापडलं नाही की ते जसा धडा पुढे नेतात, तसा मीही नेला.

डिसेंबरात काकांच्या बदलीचा हुकूम आला. आत दूर, जंगलातल्या एका छोट्या स्टेशनावर पंधरा दिवसांत हजर व्हायचं. तिथे मुलींची शाळा नव्हती, मुलांचीही धड नव्हती. क्वार्टर सोडावं लागणार, कलकत्त्यात दुसरं घर नाही, नातेवाईक नाहीत. म्हणजे परीक्षेला तीन महिने उरले असताना मुलीची शाळा बंद. त्या रविवारी काकूंनी मला आग्रहाने दुसऱ्यांदा आमटी वाढली. जेवण झाल्यावर काकांनी मला बाहेरच्या ओट्यावर बसवलं.

“हे बघ, मला बदली रद्द नकोय. एप्रिलपर्यंत थांबवा, एवढंच. तू साहेबांचे मसुदे लिहितोस, तुझं काम त्यांना आवडतं. त्यांच्याकडे एक शब्द टाक बाबा.”

“तोंडी बोलून काय होतं काका?” मी म्हणालो. “सरकारात कागद लागतो. मी असा अर्ज लिहून देतो, की साहेब वाचतच राहतील.”

काकांना तोंडी शब्दच हवा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तोंडी शब्दाला माझी दातखीळ बसायची आणि लेखणीला कधीच बसायची नाही. शिवाय आमच्या विभागात नुकतंच एकाला गावच्या माणसाची बाजू घेतली म्हणून सगळ्यांनी टोमणे मारून हैराण केलं होतं. मी तिथे एकटा मराठी. मला माझी अब्रू फार मोलाची वाटायची, आणि ती किती आहे हे मी कधी तपासून पाहिलेलं नव्हतं.

अर्ज मात्र मी झकास लिहिला. तीन पानं, पाच ठिकाणी इंटरसीड. रीत अशी होती, की अर्ज थेट साहेबांकडे द्यायचा नाही. आपल्या वरच्यामार्फत पायरीपायरीने न्यायचा. म्हणून मी पहिल्या परिच्छेदात रेकॉर्ड विभागाच्या हेडक्लार्कना सुपरिंटेंडेंटकडे मध्ये पडायला सांगितलं, पुढे सुपरिंटेंडेंटना मोठ्या साहेबांकडे. काकांनी सही केली आणि घडी न मोडता कागद घेऊन गेले. मी आठवडाभर स्वतःवर खूश होतो.

पुढच्या सोमवारी तो अर्ज माझ्या टेबलावर आला. प्रत्येक पायरीवरच्या माणसाने “योग्य त्या कारवाईसाठी पुढे” एवढंच लिहून खाली सही ठोकली होती. शेवटी तो आस्थापना विभागात आला आणि आस्थापना विभागात बदल्यांच्या कागदांवर पहिली टिपणी लिहिणारा कारकून मी! मोठे साहेब ती टिपणी वाचून हुकूम देत. ज्याने मध्ये पडावं म्हणून मी तीन पानं गयावया केली होती, तो माणूस मीच निघालो. हे माझ्या डोक्यात आधी यायला हवं होतं, कारण ती फायलींची वाट मी रोज चालत होतो. पण माझं सगळं लक्ष भाषेकडे होतं.

टिपणीत खरं लिहिलं असतं तर दोन ओळी पुरल्या असत्या: मी या कुटुंबाला ओळखतो, मुलीची परीक्षा खरी आहे. मी लिहिलं, “अशी सवलत पूर्वी दिल्याचं आढळत नाही. आदेशार्थ सादर.” लिहून झाल्यावर शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथला चक्रवर्ती राजाच्या रुबाबाचा बंगाली बाबू पान लावत होता. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

दुपारी साहेबांनी बोलावलं. मद्रासकडचे होते, तापट म्हणून नाव होतं, पण त्या दिवशी शांत होते. त्यांच्यापुढे अर्ज उघडा होता आणि हातात टोपण काढलेलं पेन.

“मजकूर जोरदार आहे,” ते इंग्रजीत म्हणाले, “पण असे अर्ज सगळेच करतात. कुणाची आई मरणाला टेकलेली, कुणाची मुलगी परीक्षेला. तुम्ही या माणसाला ओळखता? मुलीचं खरं आहे का?”

आदल्या दुपारी त्या मुलीने वाढलेला भात खाऊन मी आलो होतो. हो म्हणायला एक अक्षर लागतं. मी ताठ उभा राहिलो आणि माझ्या वहीतल्या उत्तम इंग्रजीत म्हणालो, “सर, आय हॅव नो पर्सनल नॉलेज.”

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. आणखी काही सांगायचंय का, म्हणून थांबले असावेत. मग त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यात “नामंजूर” अशा अर्थाचा एक शब्द लिहिला आणि फाईल माझ्याकडे सरकवली. मी थँक यू सर म्हणालो. कशाबद्दल म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही.

पुढे मी या भित्रेपणाला निःपक्षपातीपणा हे नाव दिलं आणि ते बरीच वर्षं चालवलं. स्वतःला फसवायला मला फारसे कष्ट कधीच पडले नाहीत.

त्यांना पोचवायला मी हावड्याला गेलो. न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. काकांनी ट्रंका लावल्या, मग डब्यातल्या एका अनोळखी माणसाला माझ्याकडे बोट दाखवून हिंदीत म्हणाले, “हमारे लिये इस लड़के ने बहुत कोशिश की.” त्या माणसाने मला नमस्कार केला आणि मीही त्याला केला. काकूंनी खिडकीतून माझा हात धरला, मेसमध्ये वेळेवर जेवत जा म्हणाल्या.

मुलगी दुसऱ्या खिडकीशी होती. शाळेची पुस्तकं तिने बांधून मांडीवर घेतली होती. ती त्या वर्षी परीक्षेला बसली नाही, पुढेही कधी बसली नाही. पण तेव्हा हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. गाडी सुटायला थोडा वेळ होता. तिने खाली वाकून हळूच विचारलं, “दादा, तुम्ही स्वतः साहेबांशी बोललात ना?”

“बोललो,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझी समजूत घालावी तशी म्हणाली, “मग तुम्ही तरी आणखी काय करणार?”