अण्णांची चोरटी मिसळ

कोल्हापूरला निघालो तेव्हा खवय्या मित्राने दिलेल्या यादीत पहिलं नाव अण्णांच्या मिसळीचं होतं. तीन सकाळी तिथेच खाल्लं. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी कटाची आणखी एक वाटी मागवत होतो. चौथ्या दिवशी जागा मिळेना, म्हणून रस्त्यापलीकडच्या दुकानात शिरलो, तर कोपऱ्यातल्या बाकावर, रस्त्याकडे पाठ करून, खुद्द अण्णा मिसळ खात बसलेले!

मला बघून त्यांना ठसकाच लागला. "पावणं, कुठं बोलू नका," ते हळूच म्हणाले. "आमच्याकडचा कट आमच्या मंडळींच्या हातचा. त्यांना कळलं तर माझं काय खरं न्हाई."

"पण तुमची मिसळ तर एक नंबर आहे!"

"लोक म्हणत्यात. तीस वर्सं रोज चाखून मला तिची चवच लागंना झालीया."

मला हसू आलं, पण पटलंही. घरची चव, घरच्या माणसाचा गोड आवाज, सगळ्यात आधी आपल्यालाच जाणवेनासा होतो. परका वाहवा करतो, आणि आपण "असेल बुवा" म्हणतो.

तेवढ्यात दारात अण्णांच्या मंडळीच येऊन उभ्या राहिल्या. अण्णांचा घास हातातच राहिला. पण त्यांना बघून बाईंचाच चेहरा जास्त उतरला, कारण गल्ल्यावरचे मालक आत बघून ओरडले होते, "वैनींची रोजची एक मिसळ! कांदा जास्त!"

अण्णांनी सरकून बाकावर जागा केली.