कॉर्फूच्या संतासाठी एक जोडी

अथेन्सच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याने माझ्या पिशवीतली चप्पल बाहेर काढली, उलटीपालटी करून पाहिली आणि स्वतःच्या बुटाशेजारी जमिनीवर ठेवली. तिच्यापुढे त्याचा बूट लहान पोराचा वाटत होता.

"कोणाची आहे ही?" त्याने विचारलं.

"देवाची," मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं.

त्याने माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. शेवटी हसून त्याने मला पुढे सोडलं. माझा ग्रीसमधला प्रवेश असा झाला.

मी कोल्हापूरचा. चपला शिवणं आणि विकणं हा आमच्या चार पिढ्यांचा धंदा. मुलगी रेवती मात्र जुन्या इमारतींची देखभाल शिकायला अथेन्सला गेली. एकदा फोनवर ती आजीला सांगत होती, की इथे कॉर्फू नावाचं बेट आहे. तिथल्या चर्चमध्ये एका संताचा देह चांदीच्या पेटीत ठेवलाय. हा संत रोज रात्री उठून बेटभर फिरतो, लोकांच्या अडचणी निवारतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात आणि त्याला नव्या घालाव्या लागतात.

आई ताडकन उठून बसली. तिचं माहेर तळकोकणातलं. तिकडे आरवलीच्या वेतोबाला भक्त हातभर लांबीच्या चपला वाहतात, कारण वेतोबाही रात्री गावाची राखण करत फिरतो. तिचे वडील तसल्या चपला शिवायचे, आणि आई त्यांच्याच हाताखाली शिकली.

"फिरतोय म्हंजे झिजणारच की," आई म्हणाली. "मी शिवतो त्येला."

आई आता ऐंशीची आहे. हात थरथरतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने चामडं टोचायची आरी खाली ठेवली ती ठेवलीच. तेव्हापासून ती दुकानात नुसती बसून असायची, आणि ते बघवत नसे. त्या फोननंतर मात्र ती महिनाभर खपली आणि दीड फूट लांबीची जोडी तयार केली. "ही माझी शेवटची," तिने बजावलं. "त्येच्या पायाशी गेली की बास." कुरिअरने पाठवू या म्हटल्यावर जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हणून मी निघालो.

ग्रीस म्हणजे पांढरी घरं आणि उघडेबोडके डोंगर, असं मी चित्रांत पाहिलं होतं. छोट्या विमानाच्या खिडकीतून कॉर्फू दिसलं आणि मला गगनबावडाच आठवला. किनाऱ्यापर्यंत नुसतं हिरवं! अथेन्सपासून बरोबर आलेली रेवती म्हणाली, "बाबा, इकडे पाऊस भरपूर पडतो. आणि ही ऑलिव्हची झाडं व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी लोकांना बक्षिसं देऊन लावून घेतलीत." उतरल्यावर टॅक्सीतून झाडाखाली काळी जाळी पसरलेली पाहून मी, "इथले कोळी फार लांब येऊन जाळी वाळवतात," असं म्हणालो. रेवतीने ते ग्रीकमध्ये सांगितल्यावर आमचा टॅक्सीवाला स्पिरोस पोट धरून हसला. ती गळणारी फळं गोळा करायची जाळी होती. इथे निम्म्या पुरुषांचं नाव स्पिरोस, कारण संताचं नावच ते.

शहरात कान्दूनिया (अरुंद बोळ) आहेत. दोन माणसं समोरासमोर आली, तर एकाने अंग चोरावं लागतं. वर या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत कपडे वाळत असतात. समुद्रात घुसलेल्या खडकावर जुना किल्ला आहे, आणि तो आणि शहर यांच्यामध्ये खंदक. व्हेनिसवाले गेले, फ्रेंच आले, मग इंग्रज. इंग्रजांनी मागे ठेवलं क्रिकेट! किल्ल्यासमोरच्या मैदानावर पोरं खेळत होती. एकाने सोपा झेल सोडला, तेव्हा मी अस्सल कोल्हापुरीत ओरडलो. त्याला ते बरोबर समजलं असावं.

जेवायला पास्तित्सादा (कोंबड्याच्या लाल रश्श्यातल्या जाड, पोकळ शेवया) मागवली. रश्श्याचा रंग बघून मी खूश झालो, पण चवीला तिखटाचा पत्ता नव्हता. मग पिशवीतली कांदा-लसूण चटणी काढली. वेटरलाही चिमूटभर दिली. तो भला माणूस दोन ग्लास पाणी पिऊन म्हणाला, "अजून द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लाल घुमटाच्या घंटाघराचं चर्च गाठलं. आत चांदीचे दिवे इतके टांगलेले, की छत नीट दिसत नव्हतं. रांगेतल्या बायका पेटीला ओठ लावत होत्या, पुटपुटत होत्या. वास वेगळा, भाषा वेगळी, पण त्यांचे चेहरे मला ओळखीचे वाटले. पुजारी नको म्हणाले तर आईला काय सांगू?

पांढऱ्या दाढीचे पुजारी बाजूला आले. मी जोडी पुढे केली. रेवतीने ग्रीकमध्ये सगळं सांगितलं: आजी, वेतोबा, थरथरणारा हात. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं. टाचेवरून बोट फिरवलं, पट्ट्यावरच्या चामडी वेणीची शिवण निरखली. मग हळूच नकारार्थी मान हलवली.

"आमचा आयिओस (संत) माणूस होता," ते म्हणाले. "लहान चणीचा. बिशप व्हायच्या आधी मेंढ्या राखायचा. हे पाऊल त्याचं नाही. शिवाय त्याच्या पायात आम्ही भरतकामाच्या कापडी सपाताच घालतो."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पाहिलं असावं. प्रार्थना संपेपर्यंत त्यांनी ती जोडी पेटीसमोर ठेवली आणि मग दोन्ही हातांनी मला परत केली. बरोबर कागदात गुंडाळलेला बोटभर कापडाचा तुकडा दिला. संताच्या झिजलेल्या सपाता कापून तुकडे भक्तांना देतात, त्यातलाच तो.

बाहेर स्पिरोसने आम्हाला कुमक्वाटचा (बोराएवढं संत्रं) मुरंबा खायला घातला, पण माझं लक्ष पिशवीतल्या जोडीकडेच होतं. रेवती म्हणाली, "बाबा, चपला इथेच ठेवू. आजीला सांगू, संताने ठेवून घेतल्या. तिला कुठे कळणार आहे?"

मीही तसा विचार केला होता. मुंबईच्या विमानात बसेपर्यंत करत होतो. पण महिनाभर तिने एकेक टाका उसवून परत घातलेला मी पाहिला होता. तिच्या कामात तिने कधी लबाडी केली नाही, मग मी तिच्या कामाबद्दल कशी करणार? जोडी माझ्याबरोबर परत आली.

घरी पोचलो, तेव्हा आई दारातच होती. पिशवीचं ओझं बघूनच तिला कळलं.

"घेतली न्हाईत व्हय?"

"न्हाई, आई." मी सगळं सांगितलं आणि तो तुकडा तिच्या हातावर ठेवला.

तिने तुकडा उजेडाला धरला, अंगठ्याने चोळला.

"मधी पातळ झालंय," ती म्हणाली. "त्यो चालतोय खरा. पर मेंढरं राखायचा म्हनलास न्हवं? धनगर हुता की मग! आनि धनगराच्या पायात असलं कापाड घालत्यात?"

"त्यांची तशी रीत आहे, आई."

"रीत ऱ्हाऊ दे. वरनं त्येंचं कापाड, खालनं आपला चामड्याचा तळवा. कुनाला दिसतंय?"

प्रवासातून माणूस काय घेऊन येतो, असं लोक विचारतात. मी कॉर्फूहून एक नकार घेऊन आलो होतो, आणि वाटेत त्याचं फार ओझं वाटलं होतं. आईने तो कामाची ऑर्डर आल्यासारखा घेतला. तिने कोनाड्यातून आरी काढली, पदराने पुसली आणि माझ्याकडे वळली.

"रेवतीला फोन लाव. त्या पुजाऱ्याला इच्यार म्हनावं, त्येंच्या संताचा पाय किती बोटं लांब हाय."