शास्त्र कुठल्या शाखेत

प्रमिला मॅट्रिक झाली त्या वर्षी, छप्पन सालच्या जूनमध्ये, ती आणि तिचे वडील सावद्याहून जळगावच्या गाडीत बसले. केळीची बाग गड्यावर सोपवून तोतारामनाना निघाले होते आणि डब्यात भेटेल त्याला सांगत होते, की पोरगी शास्त्राला चालली. प्रमिला खिडकीबाहेर बघत होती. ती खोटं बोलली नव्हती. मला मानसशास्त्र शिकायचंय, एवढंच तिनं सांगितलं होतं. नानांनी त्यातलं शास्त्र तेवढं उचललं आणि पुढे डॉक्टरकी जोडली. तिनं ते दुरुस्त केलं नाही. केलं असतं, तर आज गाडीत बसायला मिळालं असतं की नाही, कोण जाणे.

हा विषय तिच्या मनात बसला तो एका भांडणामुळे. आदल्या उन्हाळ्यात सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून नानांचं आणि लीलाधरकाकांचं वाजलं. पाट आधी कुणी फोडला, हे पाहणारे दोघं गडी तिथंच होते. प्रमिलानं चौघांचंही ऐकून घेतलं. चौघांनी चार तऱ्हांनी सांगितलं, आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं. हे कसं, असं तिनं शाळेतल्या यशोदाबाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, याचं उत्तर मला येत नाही, पण ते शोधणाऱ्या विषयाला मानसशास्त्र म्हणतात.

कॉलेजात नवीन मुलांना विषय समजावून द्यायला एक तरुण प्राध्यापक बसले होते. आर्ट्स की सायन्स, असं त्यांनी विचारलं.

"शास्त्र," नाना म्हणाले. "मानसशास्त्र."

"मग आर्ट्स."

आर्ट्स म्हणजे कला, हे नानांना ठाऊक होतं. कला म्हणजे काय, हेही त्यांनी जत्रेत पाहिलं होतं.

"आमच्याकडं कला म्हणजे ढोलकी, साहेब. पोरीले तमाशाच्या फडावर नाही आणलं मी."

प्राध्यापकांनी हसू आवरलं. आर्ट्सला काय काय शिकवतात ते त्यांनी नीट सांगितलं. तर्कशास्त्र, अर्थशास्त्र, पुढे मानसशास्त्र. नाना ऐकत राहिले आणि त्यांच्या कपाळावरची आठी वाढत गेली.

"अवघी शास्त्रं तुम्ही इकडेच ठेवली. मंग तिकडे काय ठेवलं?"

"तिकडे बेडूक ठेवलेत," प्राध्यापक म्हणाले.

मग प्रमिलाचे गणिताचे मार्क पाहून त्यांनी दुसरी वाटही दाखवली. आधी इंटर सायन्स करावं, नंतर हवं तर मानसशास्त्राकडे वळावं. दोन वर्षं त्या विषयाचं नाव निघणार नाही, पण डॉक्टरकीचं दारही बंद होणार नाही. नानांचा चेहरा उजळला.

"मंग सायन्स लिहा."

प्राध्यापकांनी पेन उचललं नाही. त्यांनी प्रमिलाकडे पाहिलं. आता गप्प राहिलं तर सगळंच सोपं होतं. नानांचं समाधान, गावातला मान, आणि दोन वर्षांनी मनातला विषय.

"नाना," ती म्हणाली, "तिथं मी शास्त्रापुरती बसेन."

हा शब्द नानांच्याच तोंडचा होता. शास्त्रापुरती निंदणी, शास्त्रापुरतं खत, असलं काही ते बागेत खपवून घेत नसत. अशा गड्याला भर दुपारी घरी पाठवायचे.

प्रमिलानं मग विहिरीवरच्या भांडणाचं सांगितलं. खोटं कोण बोललं, ते तिला शोधायचं नव्हतं. एकच गोष्ट चौघांना वेगळी कशी दिसली, ते शोधायचं होतं, आणि त्यासाठी दोन वर्षं थांबायचं नव्हतं.

नानांनी टोपी काढून हातात फिरवली.

"त्या चौघांत मी होतो."

"होता."

"मी खरंच सांगितलं होतं."

"हो नाना. काकांनीही."

मग प्रमिलानं प्राध्यापकांना विचारलं, आर्ट्सला गणित घेता येतं का. येतं, ते म्हणाले, पण मुली घेत नाहीत. मी घेईन, ती म्हणाली. तिच्या आवाजात विनंती नव्हती, हे नानांच्याही लक्षात आलं.

"लिहा आर्ट्स," ते म्हणाले. "गणितासकट लिहा."

त्यांनी अट एकच घातली. सुट्टीला घरी आलं की काय शिकलीस ते मला समजेल असं सांगायचं. त्या दिवाळीत ती ओसरीवर बसून तर्कशास्त्र सांगू लागली. दोन वाक्यं झाली की नाना तिला अडवत आणि उलटा प्रश्न टाकत. एकदा तर त्यांनी तिला असं कोंडीत पकडलं, की तिला पुस्तक उघडावं लागलं. फराळाचं ताट घेऊन तिची आई, बेबाबाई, केव्हाची दारात उभी होती.

"पुढच्या साली यायचंही नाव घालून टाक वं तिथं," ती नानांकडे हात करून म्हणाली.

नानांनी ताटातली करंजी उचलली आणि प्रमिलाला पुढचं सांगायची खूण केली.